बेचाळीस आणि चव्वेचाळीसच्या मधली पावती

कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाडीला पूर्ण नंबराने कोणी हाक मारत नाही. शेवटचे चार आकडे पुरतात. ‘चार-दोन-सात-एक पुढं घ्या’, ‘नऊ-शून्य-आठ-आठ मागं’ अशी आरोळी उठते आणि ज्याची गाडी तो धावतो. गाडी पेणच्या पासिंगची की पनवेलच्या, हे विचारायला इथे सवड नसते. काळूराम या बाजारात एकोणिसाव्या वर्षी आला आणि ही रीत त्याच्या अंगात मुरली. पुढे जे झालं ते या सवयीतून झालं. पण सवयीवर खापर फोडून माणूस सुटत नाही, हे इतर कोणाआधी त्यालाच कळलं होतं.

तो ओवे गावचा. घरची भातखाचरं नव्या शहरात गेली तेव्हा तो शाळेत होता. शाळा संपली आणि तो माथाडीच्या टोळीत लागला. सोळा एमेमची बारा मीटरची सळी एकोणीस किलो भरते. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघांनी एकाच दमात उचलायची. एकाने अर्धा श्वास उशीर केला तर सगळा हिसका दुसऱ्याच्या कमरेत जातो. काळूरामच्या सळीच्या दुसऱ्या टोकाला अकरा वर्षं भगवान होता, उरणकडचा, हडकुळा, पण वेळेचा पक्का. त्या अकरा वर्षांत एकानेही दुसऱ्याला हिसका दिला नाही. मग भगवानाने लायसन काढलं आणि तो ट्रकवर गेला. काळूराम टोळीत राहिला. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मणक्याची गादी सरकली. डॉक्टरने सांगितलं, दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही.

दहा किलोच्या आत लोखंड बाजारात काम नसतं. पण चंद्रावतीवहिनींचा काटा होता. वहिनींच्या सासऱ्यांना जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांच्या नवऱ्याने वजनकाटा घातला होता. तो गेल्यावर वहिनी स्वतः बघत. त्यांनी काळूरामला काचेच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. “कांप्युटर शिकशील?” एवढंच विचारलं. तो म्हणाला, “शिकन.” आणि शिकला. आधी एका बोटाने, मग दोन, सहा महिन्यांनी चार. खुर्चीत बसून पगार घेतो म्हणून कोणी हसू नये, याची त्याला फार फिकीर होती. म्हणून रोज सकाळी तो काट्याच्या पत्र्याखालचा चिखल आणि खडे स्वतः खरवडून काढी. खडा अडकला की वजन चुकतं. कंबर दुखली तर गुडघ्यावर बसून काढी.

नऊ वर्षं त्याच्या काट्यावरून कोणाची तक्रार आली नाही.

काम असं. माल भरलेली गाडी काट्यावर चढते. काळूराम गाडीचा नंबर, पार्टीचं नाव भरतो, वजन स्थिर झालं की बटण दाबतो, पावती तयार होते. पूर्वी ती छापून ड्रायव्हरच्या हातात जायची. गेल्या वर्षी पार्ट्यांनीच सांगितलं, कागद हरवतात, भिजतात, आम्हाला फाइल पाठवा. तेव्हापासून पावती कांप्युटरमध्येच साठवायची आणि संध्याकाळी ज्याची त्याला मेलने धाडायची. प्रोग्राम जुना. तो स्वतः काही जपून ठेवत नसे. दर पावतीला एक खिडकी उघडे: कुठे ठेवू, काय नावाने ठेवू? काळूराम त्या दिवसाच्या फोल्डरवर जाई, गाडीचे शेवटचे चार आकडे टाकी, एंटर मारी. वीस सेकंद. दिवसाला एकशे चाळीस गाड्या. मागे उभ्या ट्रकांचे हॉर्न आणि ही खिडकी, दोन्ही त्याच्या डोक्यात घण घालत.

कधी कधी दुसरी खिडकी येई. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? हो, नाही. तेव्हा काळूराम थांबे. तीच गाडी पुन्हा चढली असेल, पहिल्या वेळी एखादं चाक पत्र्याबाहेर राहिलं असेल, तर हो. गाडी वेगळी आणि फक्त शेवटचे आकडे सारखे असतील, तर नाही. मग नावापुढे पासिंगचा नंबर जोडायचा. हे तो न ठरवता करी. डोळा जाई, हात करी. आठवड्यात तीन-चार वेळा.

पनवेलला मोहल्ल्यात तौसीफचं कांप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काट्याचा कांप्युटर बिघडला की तोच येई. एकदा तो बसला असताना काळूराम ती खिडकी उघडत-मिटत होता. तौसीफ बघत राहिला.

“काळूकाका, हे तुम्ही दिवसभर करता?”

“नाय तर काय तुजा अब्बा करतो?”

“अब्बा तर माउस पण उलटा धरतात. अहो, याला स्क्रिप्ट लावता येते, छोटा प्रोग्राम. खिडकी आली की स्क्रिप्ट ओळखेल, नाव टाकेल, एंटर मारेल. तुम्ही हात पण लावायचा नाही.”

“खिडकी उशिरा आली तर? कवा कवा अर्धा मिंट लावते.”

तौसीफ खूश झाला. “एकदम सही सवाल. लोक तिथेच मार खातात. खिडकी यायच्या आधी बटणं दाबली तर ती भलतीकडेच जातात. म्हणून स्क्रिप्ट आधी वाट बघेल. खिडकी समोर आली, जागी झाली, मगच नाव लिहील.”

त्याने दोन तास खपून ते बसवलं. मधे दोन प्रश्न विचारले. पहिला: “फाइलचं नाव काय? पूर्ण नंबर घेऊ?” काळूराम म्हणाला, “शेवटचे चार. बाजारात पूर्ण नंबर कोनाला म्हाईत नसतो.” दुसरा प्रश्न तौसीफने चहा पिताना विचारला.

“आणि त्या नावाची फाइल आधीच असली तर? विचारेल ती, बदलू का म्हणून. काय करायचं?”

बाहेर तीन ट्रक उभे होते. एक जण हॉर्नवरून हात काढत नव्हता. काळूराम काचेतून त्याला हाताने थांब म्हणत होता.

“हो दाबून टाक,” तो म्हणाला.

“पक्का?”

“दाब रे. गाडी परत चढली की तसंच करतो मी.”

तौसीफने आणखी एक गोष्ट दाखवली. ती दुसरी खिडकी उघडते तेव्हा ‘नाही’वर बसलेली असते. कोणी न बघता एंटर मारला तरी जुनी फाइल शाबूत राहावी म्हणून. “बनवणाऱ्याने अक्कल लावलीय,” तौसीफ म्हणाला, “म्हणून स्क्रिप्टला मुद्दाम ‘हो’वर पाठवावं लागतं.” काळूराम हसला. ते हसणं त्याला पुढे फार दिवस आठवलं.

जे काम हात रोज करतो ते तोंडाने सांगायला सुचत नाही. आठवड्यात तीन-चार वेळा आपण ‘नाही’ म्हणतो, हे काळूरामला त्या घडीला आठवलंच नाही. पण तौसीफने विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. आणि उत्तर द्यायला डोळे मिटून एक मिनिट बसावं लागलं असतं, तेवढं काळूराम बसला नाही.

स्क्रिप्ट झकास चालली. खिडकी येई, नाव आपोआप उमटे, खिडकी जाई. वीस सेकंदांचं काम दोन सेकंदांत. ट्रकांची रांग अर्ध्यावर आली. वहिनी म्हणाल्या, “काळू, आता पाय पसरून बसतोस काय?” तो म्हणाला, “पाय नाय, कंबर.” दोन महिने कंबर सरळ राहिली. वजनाचा आकडाही तो आता नीट वाचत नसे. आकडा स्थिर झाला की हिरवा दिवा लागतो, तो बघून बटण दाबी.

मग तो मंगळवार आला.

सकाळी भावेशशेठचा फोन. भावेश ट्रान्सपोर्टवाला, त्याच्या अठरा गाड्या. भगवान त्याचीच चार-दोन-सात-एक चालवे.

“काळूराम, काल आमची चार-दोन-सात-एक काट्यावर आली होती का? तुमच्या मेलमध्ये पावती नाही.”

“बघतो, शेठ.”

सोमवारचं फोल्डर उघडलं. चार-दोन-सात-एक एकच होती. उघडली तर एमएच सेहेचाळीसची, म्हणजे पनवेलच्या पासिंगची, दुसऱ्याच कोणाची, दुपारी तीनची. भगवानाची गाडी एमएच शून्य सहा, पेणची.

“नोंद नाय, शेठ.”

“नक्की?”

“कांप्युटरमध्ये नाय.”

“बघा! मला वाटलंच,” भावेशशेठ म्हणाला. “साइटच्या काट्यावर माल तीनशे ऐंशी किलो कमी भरला. व्यापारी म्हणतो, मी पुरता दिला. भगवान म्हणतो, मी काटा करूनच निघालो. काट्यावर आलाच नाही तर वाटेत कुठे थांबला ते कळतंच आहे. ठीक आहे.”

फोन बंद झाला. काळूराम हातात फोन धरून बसला. कुठेतरी काहीतरी टोचत होतं. सोमवारी सकाळी त्याने कोणाला तरी काचेतून हात केला होता. पण हात तर तो दिवसात पन्नास जणांना करतो.

अकरा वाजता भगवान स्वतः आला. गाडीशिवाय. पायात चप्पल, अंगात ड्रायव्हरचा शर्ट नाही.

“काळ्या, काय बोललास रे तू शेठला?”

“नोंद नाय बोललो. नाय म्हणून नाय.”

“आरे मी व्हतो ना इथं! दहा-साडेदहाला. तू काचंतून हात केलास. मी बोललो, वहिनी नायत का आज. तू बोललास, पनवेलला गेल्यात.”

सोमवारी वहिनी पनवेलला गेल्या होत्या.

“मंग आकडा सांग,” काळूराम म्हणाला. “किती भरलं व्हतं?”

“मी आकडा कशाला बघू? तू हायस ना तिथं!”

काळूरामने पडद्याकडे बघितलं.

“तू सांग ना शेठला, मी आलतो म्हणून. एवढंच सांग. गाडीची चावी काडून घेतलीय त्यानं. गावात पोचलंय, भगवान लोखंड इकतो.”

मागे ट्रक उभा होता. ड्रायव्हर ओरडला, “गप्पा घरी मारा!” आणि काळूरामच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे पुढे त्याला जेवताना घासागणिक आठवलं:

“मशीनमंदी नाय तर मी काय करू, भगवान?”

भगवान काचेपासून मागे सरला. मग वळला आणि रस्त्याच्या कडेने चालत गेला. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस पायी चालताना वेगळा दिसतो. कुठे बघावं ते त्याला कळत नाही.

दुपारी रांग तुटली तेव्हा काळूरामने दार लावून घेतलं. शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबराची खोटी गाडी भरली. पावती साठवली. मग त्याच नंबराची दुसरी भरली, पासिंग बदलून. बटण दाबलं. डोळे पडद्याला लावून बसला. खिडकी आली, नाव उमटलं, आणि मधे काहीतरी लवलं. पापणी हलते तेवढंच. फोल्डरमध्ये एकच फाइल उरली, दुसरीची. पहिली नव्हती.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं.

मग त्याने सोमवारच्या पावत्या एकेक करून उघडल्या. पावतीवर दिवसाचा अनुक्रमांक असतो, तो प्रोग्राम आपणच टाकतो. बेचाळीस, दहा एकतीसची. पुढची चव्वेचाळीस, दहा सेहेचाळीसची. त्रेचाळीस नव्हती. दहा एकतीस आणि दहा सेहेचाळीस यांच्या मधे एक गाडी काट्यावर चढली होती, तिची पावती झाली होती, आणि दुपारी तीन वाजता त्याच चार आकड्यांच्या दुसऱ्या गाडीने तिला खाल्लं होतं. खाऊ का, असं आधी विचारूनही घेतलं होतं. हो कोणी म्हटलं होतं?

संध्याकाळपर्यंत त्याने दोन महिन्यांच्या पावत्या तपासल्या. एकतीस आकडे गायब. त्यातल्या काही गाड्या परत चढलेल्या असतील. किती, ते सांगायला कोणी उरलं नव्हतं.

त्याच वेळी फोन उचलून भावेशशेठला सांगायचं होतं. एवढंच काम होतं. सळी उचलण्यापेक्षा हलकं. पण काळूरामने मनात वाक्य जुळवलं आणि ते बाजारभर फिरताना त्याला ऐकू आलं. वहिनींच्या काट्यावर पावत्या गायब होतात. एकदा हे झालं की उद्यापासून गाड्या पलीकडच्या काट्यावर. वहिनींनी त्याला खुर्ची दिली ती कोणी देत नव्हतं तेव्हा. त्रेपन्नाव्या वर्षी मोडक्या कमरेच्या माणसाला दुसरी खुर्ची कोण देईल? त्याने ठरवलं, उद्या बघू. कारण वहिनींचं होतं, भीती स्वतःची होती. दोन्ही त्याने एकाच गाठोड्यात बांधलं आणि वर वहिनींचं नाव घातलं.

बुधवार गेला. स्क्रिप्ट त्याने बंद केली आणि हाताने नावं टाकू लागला. रांग वाढली. वहिनींनी विचारलं तर म्हणाला, बिघडलीय. बुधवारी एकदा ती दुसरी खिडकी आली. ‘नाही’वर बसलेली. तो तिच्याकडे बघत इतका वेळ थांबला की ड्रायव्हर उतरून काचेपाशी आला.

गुरुवारही गेला. दुपारी भगवानाची बायको वेणू रस्त्यापलीकडे रिक्षातून उतरली, हातात डबा नव्हता, काही नव्हतं. ती भावेशशेठच्या ऑफिसकडे गेली आणि दहा मिनिटांत परत आली. काट्याकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं काळूरामला वाटलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि बायकोने विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणाला. दिवसभरातलं ते चौथं खोटं.

शुक्रवारी सकाळी वहिनी आल्या तशा तो उभा राहिला.

“वहिनी, भगवान आलता सोमवारी. काटा केलता त्यानं. पावती माज्या स्क्रिप्टनं पुसली.”

वहिनींना स्क्रिप्ट कळली नाही. त्याने शून्याची खोटी गाडी करून दाखवली. ते पापणीएवढं लवणं त्यांनीही पाहिलं.

“तुला कवा समजलं?”

“मंगळवारी दुपारी.”

वहिनी खुर्चीवर बसल्या. त्याच्याच खुर्चीवर, दुसरी नव्हती. “चार दिस पोटात ठेवलंस?”

“काट्याचं नाव जाईल म्हणून...”

“काट्याचं नाव घेऊ नको मधी,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “काटा माजा हाय. त्याचं काय व्हायचं ते मी बघीन. तुजं तू सांग.”

त्याने शून्याची खोटी पावती पुसून टाकली. वहिनीच म्हणाल्या, “मंग आता कर एक पावती. हातानं वजन टाकता येतं ना? आकडा टाक आन दे त्या भावेशला. सुटंल बिचारा.”

हे काळूरामच्याही मनात येऊन गेलं होतं. बुधवारी, गुरुवारी. तीनशे ऐंशी किलो कमीचा आकडा टाकायचा. मग दोष व्यापाऱ्याकडे जातो, भगवान मोकळा, कोणाला पत्ता नाही.

“आकडा मला म्हाईत नाय, वहिनी.”

“एवढा गाडा तुज्यासमोर उभा र्‍हायला, तू बटण दाबलंस, आन तुला आकडा म्हाईत नाय?”

“बघितला नाय. दिवा बघतो मी आता.”

वहिनींनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “पयले तू संध्याकाळपरत गाड्यांची वजनं तोंडपाठ सांगायचास.” ते खरं होतं. हाताने नाव टाकताना आकडा डोळ्यांखालून जाई आणि राही. मेहनत गेली तिच्यासोबत तोही गेला. खोटी पावती केली असती तर तीनशे ऐंशी किलोचा आळ नुसता दुसऱ्या कोणावर ढकलला गेला असता. त्या व्यापाऱ्याने खरंच पुरता माल दिला असेल तर? काळूरामला ते माहीत नव्हतं. त्याला काहीच माहीत नव्हतं. काट्यावर बसलेल्या माणसाला एकच गोष्ट माहीत असायला हवी, आणि तीच नव्हती.

तो चालत भावेशशेठच्या ऑफिसला गेला. अनुक्रमांकांचे दोन कागद छापून नेले.

भावेशशेठने कागद पाहिले. बेचाळीस. चव्वेचाळीस. तो हुशार माणूस. समजायला वेळ लागला नाही.

“म्हणजे काट्यावर आला होता तो.”

“आलता.”

“वजन?”

“सांगता येनार नाय, शेठ.”

“अंदाजे?”

“अंदाजे सांगितलं तर ते माजं असंल, काट्याचं नाय.”

भावेशशेठने पेन टेबलावर टाकलं. “अरे, मग मी काय करू या कागदाचं? आला होता हे कळलं. किती घेऊन आला हे नाही. व्यापाऱ्याने कमी दिलं की वाटेत गेलं, की साइटचा काटाच चुकतोय, काय ते?”

काळूराम वाटेभर याचाच विचार करत आला होता. “शेठ, साइटवर सळ्या मोजू. मी आन भगवान. बंडलं सोडून एकेक सळी मोजू. तीनशे ऐंशी म्हणजे वीस सळ्या. वीस सळ्या लपत नायत. माल पुरा निघाला तर काटा साइटचा खोटा. तासाभराचं काम हाय.”

“कंबर चालेल तुझी?”

“चालवीन.”

भावेशशेठने साइटवर फोन लावला. स्पीकर चालू केला. “सोळाच्या सळ्या, सोमवारच्या. अजून पडून आहेत का?”

पलीकडचा माणूस म्हणाला, “कुठल्या पडून? बुधवारपर्यंत कुंपणाला होत्या. परवा कापल्या, बांधल्या. काल स्लॅब टाकला.”

बुधवारपर्यंत कुंपणाला होत्या. काळूरामला मंगळवारी दुपारी कळलं होतं. मधे एक अख्खा दिवस, दोन माणसं, एक तास. सळ्या उघड्यावर पडल्या होत्या आणि तो वाक्य जुळवत बसला होता. आता त्या काँक्रीटमध्ये होत्या आणि त्यांच्याबरोबर भगवानाचा खरेपणाही.

पावती स्क्रिप्टने पुसली होती. हे त्याने स्वतः पुसलं होतं.

भावेशशेठने फोन ठेवला. मग म्हणाला, “काटा चुकवला हा आरोप मी मागे घेतो. तसं त्याला सांगतो. पण माल कमी तो कमीच. लोखंडावर त्याला परत नाही पाठवणार. पार्टी ऐकणार नाही. खडीची गाडी आहे एक, ती चालवायची तर सोमवारपासून चालव म्हणावं.”

“शेठ, सळ्या मोजायच्या राहिल्या त्या माज्यामुळं. त्याच्यामुळं नाय.”

“ते तू त्याला सांग,” भावेशशेठ म्हणाला. “माझ्याकडे त्याची काही फाइल नाही.”

भगवानाच्या घरी जायला त्याने एसटी धरली. भगवान अंगणात बसून टोपलीच्या कडा बांधत होता. रिकामा माणूस घरातली राहिलेली कामं काढतो, तसं. वेणूने पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. काळूरामने सगळं सांगितलं. तौसीफच्या दोन प्रश्नांपासून स्लॅबपर्यंत. मधे काही गाळलं नाही. भगवानाचे हात चालू होते.

“मंगळवारी दुपारी समजलं तुला,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“मी मंगळवारी सकाळी आलतो.”

“हो.”

“म्हंजे मी घरी पोचायच्या आत तुला समजलं.” भगवानाने बांबूची काडी दाताने तोडली. “आन आज शुक्रवार.”

“हो.”

“बुधवारी माजा मेव्हणा आलता समजूत घालायला. बोलला, घेतलं असशील तर कबूल हो, हलकं वाटंल. माजा मेव्हणा.” तो हसला, पण ते हसणं नव्हतं. “तू खोटं बोललास असं पन नाय मला बोलता येत. मशीनमंदी नाय, बोललास. मशीनमंदी नव्हतंच.”

“शिव्या दे, भगवान.”

“कशाला? तुजं हलकं व्हाया?”

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. वेणू ऐकत होती.

“खडीची गाडी घेशील ना?” काळूरामने विचारलं.

“घेनार. नाय घेऊन काय करू?” भगवान म्हणाला. “पाणी पी आन जा. शेवटची एसटी पाचची हाय.”

शनिवारी काळूराम तौसीफच्या दुकानात गेला. ऐकून तौसीफने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“या अल्ला. काका, मी विचारलं होतं.”

“विचारलं व्हतंस. दोनदा.”

“मला तिसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं. धंद्याची गोष्ट होती ती.”

“दोनदा बस व्हतं,” काळूराम म्हणाला. “आता असं कर. नाव पूर्ण नंबराचं. आन ती दुसरी खिडकी आली की स्क्रिप्टनं हात लावायचा नाय. थांबायचं. जोरात वाजायचं. मी बघीन, मग मी दाबीन.”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“म्हाईत हाय,” काळूराम म्हणाला. तौसीफने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि तो त्याच्याबरोबर निघाला.

वहिनींनी त्याला काढलं नाही. त्या स्वतः सात पार्ट्यांना फोन करून सांगत बसल्या की दोन महिन्यांतल्या काही पावत्या गेल्या आहेत, ज्यांना शंका असेल त्यांनी विचारावं. तिघांनी गाड्या पलीकडच्या काट्यावर नेल्या. वहिनी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. काळूरामला वाटे, बोलल्या असत्या तर ऐकून तरी घेतलं असतं.

सोमवारी दहा वाजता खडीची गाडी आली. जुनी, मागच्या फाळक्याला तारा बांधलेली. भगवान चालवत होता. तो सरळ चढला, चारी चाकं पत्र्यावर बरोबर मधोमध, नेहमीसारखी. काळूरामने काचेतून बघितलं. हात उचलावा की नाही हे त्याला ठरवता येईना, आणि ठरेपर्यंत वेळ गेली.

वजन हललं, सावकाश थांबलं. दिवा लागला. काळूरामने दिव्याकडे बघितलं नाही. आकडा बघितला, मनात म्हटला, पुन्हा म्हटला. बटण दाबलं. पूर्ण नंबराने पावती जाऊन बसली. बाहेरच्या भिंतीवर लाल आकड्यांची पाटी आहे, ड्रायव्हरांसाठी लावलेली. नऊ वर्षांत तिच्याकडे कोणी मान वळवून बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

भगवानाने खिडकीतून हात बाहेर काढला. हातात मोबाइल होता. त्याने तो पाटीसमोर धरला, नीट, दोन्ही बाजूंनी जागा सोडून. एक फोटो काढला. मोबाइल डोळ्यांपाशी नेऊन तो आला का ते पाहिलं. समाधान झालं नाही. पुन्हा हात काढून दुसरा काढला.

मागचा ट्रक हॉर्न मारू लागला. काळूरामने त्याला थांब म्हटलं नाही आणि बटण दाबून पाटीवरचा आकडाही पुसला नाही. भगवानाचा हात आत गेला, गाडी गिअरमध्ये पडली, मागची चाकं पत्र्यावरून उतरली. आकडा आपोआप शून्यावर आला.